जुन्या स्पोर्ट्स कारला दुसरं इंजिन निवडताना: आधी कागद, मग टेप, मग गिअरबॉक्स

एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, टीआर ३ किंवा हेराल्डच्या चेसिसवर बांधलेली टू-सीटर हातात आली आणि तिचं इंजिन दमलेलं निघालं, की नवखा माणूस थेट "कुठलं इंजिन बसेल?" इथून सुरुवात करतो. मग कुठूनतरी स्वस्तात मिळालेलं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात येऊन पडतं. ते गाडीत का बसत नाही, हे पुढच्या दोन वर्षांत हळूहळू कळत जातं. इंजिनाची निवड सगळ्यात शेवटी येते. आरसी बुक काय परवानगी देतं, बॉनेटखाली किती जागा आहे आणि कोणता गिअरबॉक्स दोन सीटमधल्या बोगद्यात मावतो, ही तीन उत्तरं मिळाली की यादीत एक-दोनच इंजिनं उरतात. पुढची उदाहरणं मुख्यतः एमजीबीची घेतली आहेत. पद्धत इतर गाड्यांनाही तीच.

जुनं इंजिन खरंच गेलंय का?

आधी कॉम्प्रेशन तपासा. इंजिन चालत असेल तर गरम करा, चारही स्पार्क प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे मिळेपर्यंत सेल्फ मारा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर चौथ्या सिलिंडरचा आकडा उगाच कमी येतो. ८.८ च्या कॉम्प्रेशन रेशोचं एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन धडधाकट असेल तर साधारण १५० ते १७० पीएसआय दाखवतं. नुसत्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक पाहा. तो दहा टक्क्यांच्या आत असावा.

एखादा सिलिंडर कमी दिसला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग-बोअरचं काम आहे. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली आले असतील तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि ते तर एका दिवसाचं काम.

ऑइल प्रेशरसाठी डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, बाहेरून मेकॅनिकल गेज लावा. एमजीबीला गरम इंजिनावर, चालत्या वेगाला ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ पीएसआय असायला हवं. त्याहून कमी आलं तरी क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) गेली असं लगेच धरू नका. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बसली असेल किंवा त्याच्या सीटवर कचरा अडकला असेल. ते तपासून मगच संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा.

इंजिन "गरम होतं" म्हणून बदलायला निघालेल्यांनी तर आधी वॉटर जॅकेट, म्हणजे ब्लॉकमधले पाण्याचे मार्ग, पाहावं. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कितीतरी सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं, आणि तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं जातं. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती, क्षार आणि गंजाचा चिखल बसतो. वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या चकत्या) काढून तारेने खरवडला तर मूठभर निघतो. त्यानंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. अशा गाडीत नवं इंजिन टाकून उपयोग नाही. रेडिएटर तोच राहिला तर तेही तापणार.

आता ब्लॉकबद्दल. या काळातले ओतीव लोखंडाचे ब्लॉक सहसा मरत नाहीत. बी-सिरीजचा, म्हणजे एमजीबीच्या इंजिन-घराण्याचा, बोअर साठ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे दीड मिलिमीटरपर्यंत वाढवता येतो. त्यापुढे लाईनर ठोकून पुन्हा स्टँडर्डला आणता येतो. क्रँक दहा, वीस, तीस, चाळीस थाउपर्यंत ग्राइंड होते आणि त्या मापांची बेअरिंग मिळतात. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या चांगल्या मशीन शॉपला बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग यात नवीन काही नाही. नीट सांगावं लागतं ते दोन गोष्टींबद्दल. एक, पिस्टन आधी हातात घ्या आणि त्याच्या मापावर बोअर करायला सांगा. आधी बोअर आणि मग पिस्टनचा शोध ही उलटी गंगा. दोन, हेडला एक्झॉस्टच्या कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. आपल्याकडे २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळतं. मूळच्या मऊ सीट त्यावर हळूहळू खचतात, टॅपेटची फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह जळतो.

कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, मेन बेअरिंगच्या भिंतीला तडा असेल किंवा ब्लॉक गंजून आरपार गेला असेल, तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार रास्त. बाकी सगळ्यांनी आहे तेच इंजिन बांधावं, हे आमचं स्पष्ट मत. त्याचं निम्मं कारण तांत्रिक आहे. उरलेलं निम्मं पुढच्या भागात.

आरसी बुक उघडा

आरसीवर इंजिन नंबर, घनक्षमता, इंधनाचा प्रकार, सगळं लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

व्यवहारात याचा अर्थ असा. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं आणि त्याच क्षमतेचं इंजिन बदलून फक्त नंबर बदलत असेल तर आरटीओत अर्ज करून नवा नंबर चढवून घेण्याची वाट असते. परवानगी आधी घ्या. परवानगीशिवाय बदल झालाच असेल तर चौदा दिवसांच्या आत कळवून आरसी जमा करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. वेगळ्या मेकचं, जास्त क्षमतेचं इंजिन टाकायचं असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी तुमच्या आरटीओत जा, म्हणजे एमएच-०४ असेल तर ठाणे, एमएच-४३ असेल तर नवी मुंबई, एमएच-४६ असेल तर पनवेल. लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. एजंटच्या "होऊन जाईल" या दोन शब्दांवर इंजिन विकत घेऊ नका. पासिंगच्या दिवशी इन्स्पेक्टर पेन्सिलने नंबरची छाप घेतो तेव्हा एजंट सहसा चहाला गेलेला असतो.

पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकण्याचा विचार सोडूनच द्या. कागदांचा त्रास वेगळाच, वर जड डिझेल इंजिनाने टू-सीटरचं नाक जमिनीला टेकतं. इलेक्ट्रिक करायचं असेल तर मान्यताप्राप्त किट आणि मान्यताप्राप्त बसवणारा लागतो, आणि तुमच्या मॉडेलसाठी मंजूर झालेलं किट नसेल तर तिथेच विषय संपतो.

गाडी पन्नास वर्षांची झाली असेल किंवा लवकरच होणार असेल तर आणखी थांबा. २०२१ च्या व्हिंटेज नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. परक्या इंजिनाने हा दरवाजा बंद होतो. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली-प्रदर्शन, इंधन भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच, हेही लक्षात असू द्या.

विमा कंपनीला विसरू नका. पॉलिसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर वेगळा निघाला, तर अपघातानंतर क्लेम नाकारायला कंपनीला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

आणि काहीही केलंत तरी मूळ इंजिन भंगारात देऊ नका. ब्लॉकवरचा नंबर हा गाडीच्या किमतीचा मोठा भाग आहे. प्लगच्या भोकांतून ऑइल सोडा, बोअर आणि उघड्या मशीन केलेल्या जागांवर ग्रीस फासा, सगळी तोंडं बंद करा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि लाकडी फळीवर ठेवा. थेट सिमेंटच्या जमिनीवर ठेवलं तर आपल्या पावसाळ्यात दोन हंगामांत रिंगा बोअरला चिकटतात.

भावकीतलं इंजिन

भारतात बनलेल्या काही साध्या गाड्यांची इंजिनं ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनांची सख्खी-चुलत भावंडं आहेत. शोध इथून सुरू करा.

अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन हे बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं. एमजीए १५०० मध्ये हीच घनक्षमता होती, आणि एमजीबीचं १७९८ त्याच घराण्यातलं पुढचं. स्ट्रोक दोन्हीकडे ८८.९ मिमी, बोअर मात्र ७३ विरुद्ध ८०.२६ मिमी. एमजीएला अँबॅसडरचा ब्लॉक म्हणूनच जवळचा. एमजीबीत तो टाकला तर गाडी चालेल, पण अँबॅसडरच्या अवस्थेत तो एमजीबीच्या सुमारे ९५ अश्वशक्तीच्या जेमतेम निम्मी ताकद देतो. शिवाय १९६२ ते ६४ च्या एमजीबीला तीन मेन बेअरिंगचा आणि त्यानंतरच्या गाड्यांना पाच मेन बेअरिंगचा क्रँक आहे. १९६७ च्या अखेरीस गिअरबॉक्स आणि स्टार्टरही बदलले. फ्लायव्हील, मागची प्लेट, स्टार्टर, गिअरबॉक्स हा एकच संच समजा. एक भाग आधीच्या वर्षाचा आणि एक नंतरचा घेतलात तर स्टार्टरचे दात फ्लायव्हीलला गाठणार नाहीत.

टीआर २, टीआर ३ वाल्यांसाठी स्टँडर्ड २००० ही गाडी लक्षात ठेवण्यासारखी. १९८० च्या दशकात मद्रासला बनलेल्या त्या गाडीत स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या वंशातलं १९९१ सीसी इंजिन होतं, आणि टीआरचं १९९१ सीसीसुद्धा त्याच वंशातलं. सगळे भाग जसेच्या तसे बसतात असं समजू नका, भाग शेजारी ठेवून मोजा. टीआरच्या इंजिनात वेट लाईनर, म्हणजे थेट पाण्यात उभ्या असलेल्या सिलिंडरच्या सुट्या नळ्या, असतात. लाईनरचं डोकं ब्लॉकच्या पातळीवर ३ ते ५ थाउ उभं राहिलं पाहिजे. ते खाली बसलं तर हेड गॅस्केट कितीही नवं असो, पाणी ऑइलमध्ये जाणारच.

स्पिटफायरच्या ११४७ सीसी इंजिनाचा धाकटा भाऊ म्हणजे आपल्या स्टँडर्ड हेराल्डचं ९४८. त्याची मोडतोड झालेली इंजिनं अजून कुठेकुठे सापडतात. किरकोळ सुट्या भागांसाठी उपयोगी, ताकदीसाठी नाही.

भावकी संपली की परकी पण मागच्या चाकांना ताकद देणारी, गाडीच्या लांबीच्या दिशेने उभी बसणारी इंजिनं. कॉन्टेसा क्लासिक आणि अँबॅसडर १८०० मधलं इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल, पाच गिअरच्या बॉक्ससह. एमजीबीच्या मापाच्या गाडीला ताकदीने आणि क्षमतेने हे सगळ्यात जवळ. एमजी मिजेट, हेराल्डसारख्या छोट्या गाडीला प्रीमियर ११८ एनई मधलं निसानचं ११७१ सीसी ए-१२, तेही त्याच्या निसान गिअरबॉक्ससह. मारुती जिप्सीचं १२९८ सीसी अॅल्युमिनियमचं असल्याने हलकं, आणि भाग अजून सहज मिळतात. मात्र एकदा तापलं की हेड वाकतं. ईकोचं ११९६ सीसी इंजिनही मागच्या चाकांसाठीच आहे, पण ते सीटखाली बसवायला बनवलेलं. त्याचा संप आणि मॅनिफोल्ड लांब बॉनेटच्या गाडीत आडवे येतात.

आडवी बसणारी, पुढच्या चाकांची इंजिनं, म्हणजे स्विफ्ट, आय-२०, सिटी वगैरे, नवख्याने यादीतून काढून टाकावीत. त्यांना मागे जोडायला गिअरबॉक्स नसतो. अॅडॅप्टर प्लेट, वेगळं फ्लायव्हील, स्टार्टरची नवी जागा, सगळं घडवावं लागतं.

मोठ्या ताकदीचं वेड असेल तर खुद्द कारखान्याने काय केलं ते पाहा. १९७३ ते ७६ मध्ये एमजीबी जीटीत रोव्हरचं ३५२८ सीसी व्ही-८ बसवलं गेलं, १३७ अश्वशक्तीचं. ते जमलं कारण ते अॅल्युमिनियमचं होतं आणि लोखंडी बी-सिरीजपेक्षा फारसं जड नव्हतं. आकार दुप्पट असला तरी कारखान्याने वजनावर नजर ठेवली होती.

टेप, पुठ्ठा आणि दोन शनिवार

बॉनेट काढा. मोजायच्या जागा अशा: फायरवॉलपासून रेडिएटरपर्यंतची लांबी, दोन्ही बाजूंच्या चेसिस रेलमधली रुंदी, पुढच्या क्रॉस मेंबरपासून बॉनेटच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतची उंची, स्टीअरिंग रॅकची जागा, आणि बोगद्याची गिअर लीव्हरपाशी आणि तोंडाशी असलेली रुंदी. बॉनेट बंद असतानाची उंची मोजायला एअर क्लीनरच्या जागी ओल्या मातीचे किंवा प्लॅस्टिसिनचे गोळे ठेवून बॉनेट बंद करा. गोळा किती चेपला ते फुटपट्टीने मोजा.

मग इंजिनाची मापं घेऊन पुठ्ठ्याचा सांगाडा बनवा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठा चालतो. त्यात क्रँक पुली, संपचा खोलगट भाग, स्टार्टर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि ऑइल फिल्टर वेगवेगळे दाखवा. बहुतेक चुका ब्लॉकच्या नसतात, या पाच गोष्टींच्या असतात.

संपचं खोल पोट पुढे आहे की मागे हे सगळ्यात महत्त्वाचं. क्रॉस मेंबर जिथे आहे तिथेच पोट आलं तर इंजिन वर उचलावं लागतं आणि बॉनेटला लागतं. संप कापून नव्याने वेल्ड करता येतो, पण ऑइलची क्षमता आणि ऑइल ओढणाऱ्या पिकअप पाइपची खोली तीच राहायला हवी. पिकअप आणि तळ यांत ८ ते १० मिमी फट ठेवा.

दुसरी तपासणी स्टीअरिंगची. बी-सिरीजचं इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या हाताला आहेत, त्यामुळे आपल्या उजव्या स्टीअरिंगचा कॉलम मोकळा राहतो. ज्या इंजिनाचं एक्झॉस्ट उजवीकडे निघतं त्याचा पाइप कॉलमच्या जॉइंटला भिडतो. निदान ४० मिमी अंतर आणि मध्ये हीट शील्ड हवी, नाहीतर जॉइंटचा रबर वितळतो. इंजिन रबरी फाउंडेशनवर हलतं, म्हणून कुठल्याही ठिकाणी २० ते २५ मिमीपेक्षा कमी फट चालत नाही. फॅन आणि रेडिएटरमध्येही तेवढीच.

गिअरबॉक्स आणि क्राऊन

इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतले, जोडलेलेच घ्या. बेल हाऊसिंग, क्लच प्लेटचे स्प्लाइन, क्रँकच्या शेपटीतला पायलट बुश, स्टार्टर, हे सगळं आपोआप जुळतं. "गिअरबॉक्स आहे तोच ठेवू, फक्त इंजिन बदलू" या बेतात लेथवाल्याचं बिल इंजिनापेक्षा मोठं होतं.

गिअर लीव्हर कुठे वर येतो ते पाहा. तो मूळ भोकापासून शंभर-दीडशे मिमी इकडेतिकडे असेल तर लीव्हर वाकवून भागतं, त्याहून जास्त असेल तर बोगदा कापावा लागतो. जिप्सीच्या बाबतीत ट्रान्सफर केस काढून टाकायचं. ते हाय रेंजमध्येही थोडा वेग कमी करतं, त्यामुळे ते गेल्यावर गाडीचं गिअरिंग जिप्सीपेक्षा बरंच लांब होतं. हलक्या टू-सीटरला ते सोयीचंच.

वेगाचा हिशोब आधी कागदावर करा. आरपीएम भागिले गिअरचा रेशो भागिले क्राऊन-पिनियनचा (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरचा) रेशो, गुणिले टायरचा घेर मीटरमध्ये, गुणिले ६०, भागिले १०००. एमजीबीचा क्राऊन ३.९०९, चौथा गिअर थेट, १६५/८० चौदा इंची टायरचा घेर साधारण १.९ मीटर. ३,००० आरपीएमला उत्तर येतं ताशी ८७ किमी. पाचवा गिअर ०.८ चा मिळाला तर त्याच आरपीएमला ताशी १०९. ठाणे-बेलापूर रोडवर सिग्नल ते सिग्नल चालवायला पहिल्या-दुसऱ्या गिअरचं गणित जास्त महत्त्वाचं. पहिला गिअर फार लांब पडला तर क्लच घासत राहतो.

प्रोपेलर शाफ्ट कापून लहान-मोठा करावा लागतो. गाडी चाकांवर, सस्पेन्शन भरलेलं असताना मोजा, जॅकवर नाही. स्लिप जोडात २० ते २५ मिमी खेळ ठेवा. पुढच्या आणि मागच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन सारखे, फरक एका अंशाच्या आत. कोन अगदी शून्यही नको, कारण बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी राहून खड्डे पाडतात. वेल्डिंगनंतर बॅलन्सिंग केल्याशिवाय शाफ्ट बसवू नका. ताशी ७० नंतर सीटखाली येणारी थरथर बहुधा इथलीच असते.

ताकद मूळपेक्षा पाव भागाने वाढली तर ब्रेक आणि मागच्या अॅक्सलचंही काम यादीत धरा.

भंगारातून घेताना

कुर्ल्याचा बाजार असो की शिळफाट्याच्या पट्ट्यातली गोदामं, इंजिन जमिनीवर पडलेलं दिसलं तर पुलीच्या बोल्टला पाना लावून दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा. अडकलं तर सोडून द्या. ऑइल फिलरचं झाकण उघडून खाली पाहा. दुधाळ पिवळा थर म्हणजे पाणी शिरलंय. बेल हाऊसिंगच्या आत बोट फिरवा. तिथे बारीक गाळ लागला तर ते पुरात बुडालेल्या गाडीचं आहे. दरवर्षी बदलापूर-कल्याण भागातल्या पुरात गेलेल्या गाड्यांची इंजिनं बाहेरून धुऊन विकायला येतात, पण बेल हाऊसिंग कोणी धूत नाही.

संप काढू दिला तर फारच उत्तम. एका बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकाची) कॅप उघडून बेअरिंगचा रंग पाहा. राखाडी मऊ थर ठीक, तांबूस दिसू लागला तर संपलं. क्रँक पुढे-मागे ढकलून पाहा, खट्ट असा ठळक आवाज नको. कॉम्प्रेशन गेज आणि जंप केबल बरोबर न्या. जागेवर सेल्फ मारून दाखवायला तयार नसलेल्या विक्रेत्याला इंजिनाची किंमत न देता लोखंडाचा भाव द्यावा.

कागद मागा: पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत किंवा स्क्रॅपचा दाखला. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डखाली दिसला तर हात लावू नका. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन समन्वय सुविधेवर इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते पाहता येतं. पैसे देण्याआधी पाहा.

इंजेक्शनचं इंजिन घेत असाल तर वायरिंग पूर्ण, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), किल्ली आणि इमोबिलायझर, अॅक्सिलरेटर पेडल, सगळे सेन्सर, इंधन पंप हे एकाच गाडीतलं हवं. वायरिंग कापलेलं असेल तर पुढचे महिने त्यातच जातात. नवख्याने पहिल्या वेळी कार्ब्युरेटरचंच इंजिन घ्यावं. २००० सालापूर्वीच्या पेट्रोल गाडीला पीयूसीत ३ टक्के कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा आहे. नीट लावलेला एसयू कार्ब्युरेटर त्यात आरामात बसतो.

फाउंडेशन, पाणी, वीज, पेट्रोल

फाउंडेशनच्या ब्रॅकेट ६ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेटच्या, मूळ भोकांवर ८.८ ग्रेडच्या बोल्टने बसवा. चेसिसवर थेट वेल्ड करू नका. पुढे कधी मूळ इंजिन परत बसवायचं असेल तर सगळं सोडवता आलं पाहिजे.

काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर गाडी वजनकाट्यावर न्या. कळंबोली किंवा टीटीसीतल्या कुठल्याही काट्यावर फक्त पुढची चाकं चढवली की पुढच्या अॅक्सलचं वजन मिळतं. ट्रकसाठीच्या काट्यात पाच-दहा किलोचा फरक धरायचा. पुढे तीस-चाळीस किलो वाढले असतील तर स्प्रिंग बदलावी लागते, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरवर संप घासतो.

कापूरबावडी-माजिवड्याच्या गर्दीत मेच्या दुपारी गाडी वीस मिनिटं उभी राहू शकते, हे धरूनच रेडिएटर ठरवा. तांब्याचा जुना कोअर बदलून जास्त ओळींचा टाका, बारा इंची इलेक्ट्रिक फॅन रिलेसह बसवा, थर्मोस्टॅट काढून टाकू नका. काढल्याने इंजिन योग्य तापमानावर राहत नाही. फॅन दहा-बारा अँपिअर खातो. जुन्या लुकास डायनामोची एकूण क्षमताच २२ अँपिअर, त्यात हेडलाइट आणि पावसात वायपर. म्हणून अल्टरनेटर हवाच. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीची धन बाजू बॉडीला असते. ती उलटवल्याशिवाय अल्टरनेटर जोडला तर डायोड क्षणात जळतात.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, मग चिरतात. पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरच्या सील इथेनॉल चालणाऱ्या प्रकारच्या घाला. इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका. एकतर पूर्ण भरा किंवा रिकामी करून ठेवा.

पहिला सेल्फ

प्लग काढून सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मगच प्लग लावा. नवा कॅमशाफ्ट आणि टॅपेट असतील तर इंजिन सुरू होताच २,००० ते २,५०० आरपीएमवर वीस मिनिटं ठेवा, आयडलिंगला सोडू नका. हळू फिरताना कॅमवर ऑइल पुरेसं उडत नाही आणि पहिल्या पाच मिनिटांत लोब घासून सपाट होतो. झिंक असलेलं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल घाला. अग्निशामक हाताशी, आणि एक माणूस फक्त गळती पाहायला.

पहिले पाचशे किलोमीटर जोर लावू नका, पण एकाच वेगानेही चालवू नका. पाम बीच रोडवर पहाटे वेग कमी-जास्त करत फिरवणं रिंगा बसायला चांगलं. पाचशेला ऑइल-फिल्टर बदला, थंड इंजिनावर हेडचे नट क्रमाने पुन्हा घट्ट करा, टॅपेट पुन्हा लावा (एमजीबीला पंधरा थाउ), आणि फाउंडेशनचे सगळे बोल्ट तपासा. त्यानंतर गायमुखचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढवून वर थांबा, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. तापमानाचा काटा दोन मिनिटांत खाली येत नसेल तर फॅनची दिशा आणि रेडिएटरभोवतीच्या मोकळ्या फटी पाहा. हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटत असते. पत्र्याच्या किंवा रबराच्या पट्ट्यांनी त्या फटी बुजवा आणि पुन्हा चढवून पाहा.